मिश्रीचं भाषण

९ जानेवारी

आणि दर वेळी मलाच का ऐकवायचं? मी इकडे काय मजा मारायला आलोय? अक्षता माझ्याहून धाकटी, पण बोलते अशी जसं काही मी घर टाकून पळालो. आज परत फोन. आईला कणकवलीच्या डॉक्टरकडे न्यायचंय, गाडीला पैसे पाठव. झालंय काय, तर तेच. तोंड आलंय, तिखट खाववत नाही, भाकरी चहात बुडवून खाते. मी म्हटलं, मग तूप लाव. तोंड काय पहिल्यांदा आलंय तिचं? तर म्हणे, "दादा, दिवाळीपासून आहे ते. जरा ऐक ना." मी म्हटलं, आईला दे फोन.

आई म्हणाली, "माका काय एक जावक नाय रे झिला. ह्या चेडवाक दुसरो कामधंदो नाय. पैशे नको पाठवू, तुझ्याकडेच ठेव."

झालं ना! जिचं तोंड तीच नको म्हणते. हे अक्षताला ऐकवलं तर तिने फोन ठेवून दिला. ठेव.

ही डायरी क्लबाने नवीन वर्षाची सगळ्या स्टाफला दिली. आठवीत शाळा सोडली त्यानंतर एवढं सलग लिहिलं नव्हतं. पण वाकोल्याच्या खोलीत आम्ही एकाच वाडीतले अकरा जण राहतो, मोठ्याने भांडायची सोय नाही. म्हणून इथे भांडतो.

१४ जानेवारी

नोकरीची वाट लागणार असं दिसतंय.

मी अंधेरीच्या क्लबात सिगारच्या खोलीत असतो. कुरियर केलं, मोबाईलच्या दुकानात बसलो, एसी साफ केले, कुठेच बूड टिकलं नाही. इथे टिकलं याचं मलाच नवल. खोलीत काचेचं कपाट आहे, त्यात सिगारी लहान पोरांसारख्या झोपवलेल्या. सुकू द्यायच्या नाहीत, ओल्या होऊ द्यायच्या नाहीत. मेंबरने बोट दाखवलं की काढायची, टोक कापायचं, लाकडाच्या काडीने पेटवून द्यायची. आपण ओढायची नाही. मला तसाही त्या वासाने ठसका लागतो, पण हे कोणाला सांगत नाही.

आज सगळे मेंबर गंभीर होते. सरकारने नवीन कायद्याचा मसुदा काढलाय म्हणे. क्लब-हॉटेलांतल्या धूम्रपानाच्या खोल्या बंद, सुटी सिगार विकायला बंदी. लोकांच्या हरकती मागवल्यात. नंदकुमार साहेब म्हणाले, "आपण गप्प बसलो तर पुढच्या वर्षी आपल्याला जिन्याखाली उभं राहून ओढावं लागेल." नंदकुमार साहेब म्हणजे सगळ्यांत जुने मेंबर, क्लबाच्या कमिटीवरही, बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर, आवाज रेडिओसारखा. मला कधी "ए" म्हणून हाक मारत नाहीत.

मग संघ काढायचं ठरलं. त्यातला अर्धा वेळ नावावर गेला. रसिक म्हणायचं की शौकीन. एक जण म्हणाला, शौकीन म्हटलं की बायको हसेल. शेवटी 'पश्चिम उपनगर सिगार रसिक संघ'.

खोली बंद झाली तर मी परत एसी धुवायला जाणार. म्हणून मनातल्या मनात मीही संघात.

२२ जानेवारी

आज जे झालं त्याने अजून कानशिलं गरम आहेत.

संघाची मीटिंग. मिहिर सर जाहिरातीच्या धंद्यातले, वय जेमतेम चाळीस. ते म्हणाले, "सुनावणीत आपण बोललो तर लोक आपली घड्याळं बघतील. आपलं कोण ऐकणार? तिथे साधा माणूस उभा पाहिजे. ज्याच्या घरात तंबाखू पिढ्यान् पिढ्या आहे. परंपरा पाहिजे, परंपरा."

सगळे विचार करायला लागले आणि एकेक करून त्यांचे डोळे माझ्यावर आले. मी राखेच्या वाट्या गोळा करत होतो.

"सुयोग, तुझ्या घरी कोण तंबाखू खातं?"

मी म्हटलं, कोण नाही. मग लाजत लाजत म्हटलं, आई मिश्री लावते.

एकाने विचारलं मिश्री म्हणजे काय. त्या गार खोलीत, त्या कातडी खुर्च्यांमध्ये उभं राहून मला सांगावं लागलं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांना घासायची. आमच्याकडे बाया लावतात. सांगताना आईचे काळे दात डोळ्यांसमोर आले आणि जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. आई एकदा मुंबईला आली होती तेव्हा गॅलरीतून थुंकली आणि खालची बाई वर भांडायला आली. त्यानंतर मी आईला परत ये म्हटलेलं नाही. जागा नाही असं सांगतो.

पण मिहिर सर खुर्चीतून उठलेच. "झकास! आणि आईला आजपर्यंत काही झालं?"

"नाही सर. आता तोंड आलंय जरा."

"तोंड माझंही येतं रे. मोठं काही?"

"नाही."

"बस. ते तोंडाचं सोडून दे, विषय भरकटतो."

मी सोडून दिलं.

२ फेब्रुवारी

भाषण पाठ झालं. मिहिर सरांनी लिहिलं, पण शब्द माझेच आहेत. त्यांनी नुसतं खोदून खोदून विचारलं. तवा कोण ठेवायचं? मीच ठेवायचो, लहानपणी. आई भात झोडायला जायची, मी पानं भाजायचो. धुराने डोळ्यांत पाणी यायचं. तो वास आला म्हणजे आई उठली, सकाळ झाली. हे मी बोलता बोलता बोलून गेलो, तर मिहिर सर म्हणाले, "हेच. हे असंच बोल."

शेवट त्यांचा आहे. 'माझ्या आईने आयुष्यभर तंबाखू लावली आणि आज ती ठणठणीत आहे. कायदा करणाऱ्यांनी एकदा तिला भेटावं.'

खोलीत सराव केला. किरण माझ्याच वाडीतला, शेजारच्या घरचा, इथे माझ्या बाजूच्या पथारीवर झोपतो. गुटख्याची पुडी तोंडात रिकामी करून म्हणतो, "मेल्या, तू निवडणुकीक उभो रव!"

अक्षताचे दोन मिस्ड कॉल. ड्युटीवर होतो.

११ फेब्रुवारी

टाळ्या!

आयुष्यात माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आज सरकारी हॉलात वाजल्या. इस्त्रीचा शर्ट क्लबाने दिला. मी तव्याचं सांगितलं तेव्हा पुढच्या टेबलावरचे अधिकारीसुद्धा लिहायचे थांबले. बाकीचे सगळे कागद बघून बोलले, मी एकटाच न बघता. शेवटचं वाक्य टाकलं आणि नंदकुमार साहेबांनी माझा खांदा दाबला.

एकच गोष्ट. कायद्याच्या बाजूने एक डॉक्टर बाई आल्या होत्या, अस्मिता नावाच्या. त्यांनी आधी पडद्यावर तंबाखूने आखडलेल्या, कॅन्सर झालेल्या तोंडांचे फोटो दाखवले. मी खालीच बघत होतो. एकदाच मान वर झाली, तेव्हा गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि मधे लाल. माझं झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "सुयोग, तुमच्या आईंचं तोंड किती उघडतं? अशी तीन बोटं उभी करून आत जातात?"

मी मिहिर सरांकडे बघितलं. त्यांनी हो म्हणून मान हलवली.

"जातात, मॅडम."

"तुम्ही बघितलंय?"

"लहानपणापासून बघतोय. शिव्या घालायला तोंड उघडते तेव्हा चार जातील."

सगळा हॉल हसला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एकदा घरी फोन करून बघायला सांगा. माझ्यासाठी नको." आणि बसल्या.

हे शिव्यांचं भाषणात नव्हतं. ते माझं स्वतःचं होतं. सगळ्यांत जास्त हशा त्यालाच आला. आता लिहिताना आईचं तोंड आठवायचा प्रयत्न करतोय. गणपतीत घरी होतो. आई हसताना हात आडवा धरते. पूर्वी धरायची का?

संघाने पाकीट दिलं. पाच हजार. 'मानधन' म्हणाले. सगळेच्या सगळे आईला पाठवले. आता अक्षता काय बोलते बघू.

१३ फेब्रुवारी

किरणने व्हिडिओ वाडीच्या ग्रुपवर टाकला. मुंबईचे, गावचे, सगळे त्यात आहेत. हात जोडलेले, गुलाबाचे, वाघाचे फोटो आले. शाळेतल्या जुन्या मास्तरांनीसुद्धा 'शाब्बास' टाकलं, ज्यांनी मला आठवीत वर्गाबाहेर काढलं होतं.

आईने अक्षताच्या फोनवरून बोलून पाठवलं. "झिला, तुझा भाषान आयकलंय. सगळी वाडी आयकता. काय बोललंस रे तू! माझा नाव काढलंस." आवाज जरा जाड वाटला, तोंडात काही धरून बोलावं तसा. रडत असेल. मी तीनदा ऐकलं.

१८ फेब्रुवारी

हे कसं लिहू?

सकाळी अक्षताचा फोन. या वेळी भांडली नाही, तेच वाईट. म्हणाली, "दादा, मी उसने पैसे घेऊन रविवारी तिला कणकवलीला नेणार होते. गाडी सांगितली होती. ती आता येत नाही."

"का?"

"तुझ्यामुळे."

मग तिने सांगितलं. पाच हजार आले त्यातून आईने देवळात नारळ ठेवला, माझ्या नावाने गाऱ्हाणं घातलं आणि येताना बाजारातून तंबाखूची अख्खी जुडी आणली. नेहमी चार पानं आणते. अक्षताने डॉक्टरचं नाव काढलं की आई मोबाईल मागते आणि माझा व्हिडिओ लावते. "माझ्या झिलान सांगल्यान हा मोठ्या सायबांका, माका काय नाय म्हणान. तू काय त्याच्यापेक्षा शाणी?" शेजारच्या बायाही तेच बोलतात. प्रेमावहिनीचा सुयोग मुंबईत तंबाखूच्याच ऑफिसात आहे, त्याला नाही तर कोणाला कळणार.

मला त्या डॉक्टर बाई आठवल्या. मग म्हटलं, "अक्षू, एक कर. तिला तोंड उघडायला सांग आणि तीन बोटं उभी धरून जातात का बघ. तिचीच बोटं."

अर्ध्या तासाने फोन आला. "दीड."

"दीड म्हणजे?"

"एक जातं. दुसरं दातात अडकतं. आणि आत पांढरं आहे, दादा. ते मी तुला दिवाळीला पण सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मी तेव्हाही तूप लाव म्हटलं होतं.

नळावरच्या आरशासमोर उभं राहून मी माझी तीन बोटं घातली. सहज गेली. किरण मागून म्हणाला, "काय गिळतंस रे, हात?" त्यालाही घालून बघायला लावलं. त्याची अडीचच गेली. तो हसला. परत घातली, परत अडीच. मग हसला नाही.

१९ फेब्रुवारी

आईला फोन केला. हिंमत करून सांगितलं, आये, मी खोटं बोललो. मला काही माहीत नव्हतं, तू डॉक्टरकडे जा.

आई हसायला लागली. "ह्या अक्षतान शिकवल्यान तुका. सरकारी सायबांसमोर खोटा बोलशीत काय तू? पोलीस धरतीत." मी म्हटलं, खरंच बोललो खोटं. तर म्हणाली, "व्हिडिओत तुझा तोंड दिसता रे. माका कळणा नाय तुझा तोंड?"

ती माझं तोंड बघते. तिचं मी बघितलं नाही.

२० फेब्रुवारी

नंदकुमार साहेबांना गाठलं. सगळं सांगितलं. त्यांनी हातातली सिगार खाली ठेवली. म्हणाले, "अरे, हे आधी सांगायचं होतंस."

मी म्हटलं, "सांगितलं होतं साहेब. तोंड आलंय म्हणून. सगळे होते तेव्हा."

त्यांनी राखेची वाटी उगाच जवळ ओढली. त्यांनाही आठवलं असणार. मग म्हणाले, "माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, आईला इकडे आण, खर्चाचं बघू. फक्त गुरुवारी मंत्रालयात शिष्टमंडळ जातंय, तुझं नाव दिलंय. तेवढं एक आटप. मग तुला हवी तेवढी रजा."

चांगला माणूस आहे. खरंच चांगला. आणि मी काय म्हणालो?

"हो साहेब."

तोंडातून निघून गेलं. दीड वर्ष तेच बोलतोय ना. पेटवू का साहेब, हो साहेब. जिना उतरताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

२१ फेब्रुवारी

किरण म्हणतो, गावी जा, समोर उभा राहून सांग. मला माहीत आहे काय होणार. मी गेलो की आई बांगडे आणेल, सगळ्या वाडीला घेऊन बसेल, भाषण परत म्हणून दाखव म्हणेल. आणि मी म्हणून दाखवीन. मी तसाच आहे. समोर माणसं बसली आणि त्यांना आवडतंय असं दिसलं की मी काहीही बोलतो.

तिचा विश्वास व्हिडिओवर आहे. मग व्हिडिओच पाहिजे.

२२ फेब्रुवारी

दुपारी खोलीत किरण सोडून कोणी नव्हतं. किरणने मोबाईल धरला. इस्त्रीचा शर्ट मुद्दाम घातला नाही. गावच्या भाषेत बोललो, कारण ते पहिलं भाषण शुद्ध होतं आणि शुद्ध बोलताना खोटं सोपं जातं.

म्हटलं, मी सुयोग. प्रेमाचो झील. त्या दिवशी मी सांगलंय माझ्या आयेक काय एक नाय. माका ठावक नव्हता. मी बघूक नव्हतंय. तिचा तोंड आलेला माका सांगलेला होता, ता मी लपवलंय. माका त्याचे पाच हजार मिळाले. तिच्या तोंडात दीड बोट जाता. आये, मी खोटा बोललंय. तुझी शप्पथ, तू जा.

मधे अडखळलो. किरण म्हणाला, परत घेऊया, रडलास तू. मी म्हटलं, नको, सरावाने सगळं चांगलं होतं.

त्याच ग्रुपवर टाकला.

२३ फेब्रुवारी

या वेळी गुलाब नाहीत. वाघ नाही. मास्तरांनी बघितलंय, दोन निळ्या खुणा दिसतात, काही लिहिलेलं नाही. कोणाच्या तरी काकाने टाकलं, 'आईला विकून पाच हजार घेतले.' ते खोडून काढण्यासारखं नाही.

अक्षता म्हणते, आईने बघितला. एकदाच. मोबाईल पालथा ठेवला आणि उठून आत गेली. त्यानंतर कोणाशी बोललेली नाही. पाणवठ्यावर गेली नाही. लाजेचं काम मी केलं आणि तोंड ती लपवतेय.

संध्याकाळी मिहिर सर फोनवर किंचाळले. व्हिडिओ त्यांच्यापर्यंतही गेला. "तुला कळतंय का तू काय केलंस? विरोधी पार्टी हाच दाखवणार उद्या!" मी म्हटलं, दाखवू दे.

२४ फेब्रुवारी

नंदकुमार साहेबांनी बोलावलं. उभ्या उभ्याच बोलले. "मी तुला काढत नाही, सुयोग. पण काही दिवस येऊ नकोस. मेंबरांना अवघडल्यासारखं होईल." काही दिवस म्हणजे किती ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. हिशेब करून पगार हातात दिला. ते ओळखीच्या डॉक्टरांचं परत निघालं नाही. मीही काढलं नाही.

निघताना सवयीने कपाटाची काच पुसली.

किरणने आज गुटख्याची पुडी घेतली, हातात धरून बसला आणि शेवटी खाल्लीच. माझ्याकडे पाठ करून.

२६ फेब्रुवारी

सकाळी अक्षताचा फोन. मला वाटलं आता काय ऐकावं लागतंय. म्हणाली, "दादा, आज आईने तवा ठेवला नाही."

मी म्हटलं, म्हणजे?

"मिश्री भाजली नाही. जुडी शेजारी देऊन टाकत होती, मी म्हटलं कोणालाच नको, मग परसात जाळली. गाडी सांग म्हणाली. कणकवलीला नाही, एकदम गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात. तिथे वाडीतलं कोणी भेटणार नाही म्हणून."

"मला काही बोलली?"

मग मागून आईचाच आवाज आला. लांबून, तोंड पुरतं न उघडता, पण कळण्यासारखा.

"त्याका सांग, पैशे पाठव."

एवढंच. ना झिला, ना काही. पण आजपर्यंत आईने मला पैसे मागितलेले नाहीत, कधीच नाहीत. नेहमी अक्षता मागायची आणि आई मागून ओरडायची, नको पाठवू, तुझ्याकडेच ठेव. त्या 'नको'वर मी किती दिवस आरामात काढले.

अक्षता म्हणाली दहा हजार तरी लागतील. क्लबाचा हिशेब, त्यातून खोलीचं भाडं गेलं. किरणकडे मागायला तोंड नाही.

आताच जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून उरलेले सगळे पाठवतो. रुपये आठ हजार तीनशे.